वणवा धुऱ्यापर्यंत आला तर आग विझवण्याआधी माणसं मोजा

चंद्रपूर जिल्ह्यातल्या, जंगलाला लागून असलेल्या एका गावातून हा प्रश्न आला आहे. गेल्या मार्चमध्ये वणवा शेताच्या धुऱ्यापर्यंत, म्हणजे बांधापर्यंत, आला आणि तणसाच्या (धानाच्या वाळल्या काडाच्या) दोन गंज्या जळाल्या. गावातली पोरं हिरव्या फांद्या तोडून आगीवर धावली, त्यातल्या एकाचे पाय भाजले. पुढचे काही दिवस धूर गावावर बसून होता, दम्याच्या म्हाताऱ्यांचे हाल झाले. यंदा ग्रामपंचायतीने काय तयारी करावी, गाव खाली करायची वेळ येते का, आणि पहाटे मोहाची फुलं वेचायला जाणाऱ्या बायांचं काय, असं विचारलं आहे.

माझी सगळी नोकरी वनखात्यात, विदर्भातल्याच जंगलांत झाली. निवृत्तीनंतर जंगलालगतच्या गावांत वणव्याचं प्रशिक्षण देतो. तुमच्या प्रश्नात पोरं धावल्याची गोष्ट ओघात आली आहे, पण माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची तीच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आपल्याकडचा वणवा अख्खं गाव गिळून माणसं मारतो असं सहसा होत नाही. दगावणारी माणसं दोन प्रकारची. एक, विझवायला धावलेली. दुसरी, आग लागली तेव्हा कुठे आहेत हे कोणालाच ठाऊक नव्हतं अशी एकटीदुकटी माणसं: मोहाखाली बसलेली म्हातारी, गुरांमागे गेलेला गुराखी, शेतातल्या झोपडीत जागलीला झोपलेला माणूस. 2021 च्या एप्रिलमध्ये गोंदिया जिल्ह्यात नागझिऱ्याच्या जंगलात आग विझवताना तीन मजूर मृत्युमुखी पडले. जोराच्या वाऱ्याने आग भडकली आणि ते तिच्यात सापडले. ही जंगलात वावरलेली, आगीची सवय असलेली माणसं होती. तुमच्या गावची पोरं त्यांच्यापेक्षा तरबेज नाहीत. म्हणून मी प्रत्येक गावात पहिल्यांदा हेच सांगतो की वणवा दिसला की आधी माणसं मोजायची. आगीचं काय करायचं ते सगळी माणसं सापडल्यावर ठरवायचं. तणसाची गंजी गेली तर पंचनामा होईल, भरपाईसाठी भांडता येईल.

मोजायचं म्हणजे आधी लिहून ठेवायला हवं. एक साधी वही करा. ती पोलीस पाटलांकडे ठेवा आणि तिची एक प्रत आशाताईंकडे द्या. पहिल्या पानावर गावातली अशी माणसं, ज्यांना स्वतःहून चालत निघता येत नाही किंवा धूर सोसत नाही: अंथरुणावरचे, दम्याचे, हृदयविकाराचे, गरोदर बाया, बाळंतिणी, तान्ही लेकरं. प्रत्येकाच्या नावासमोर त्याला उचलून नेणाऱ्या शेजाऱ्याचं नाव आणि कोणाची गाडी वापरायची ते लिहा. शेजाऱ्याला हे आधी सांगितलेलं असावं, नुसतं वहीत नको. दुसऱ्या पानावर शेतात राहणारे आणि रात्री जागलीला जाणारे. तिसऱ्या पानावर जंगलात जाणारे, आणि हे पान रोज बदलतं.

हे तिसरं पान सांभाळणं अवघड आहे. मोहाचा हंगाम म्हणजे मार्च-एप्रिल. बाया पहाटे अंधारातच निघतात, कारण फूल रात्री उशिरापासून सकाळपर्यंत गळतं आणि उशीर केला तर गुरं, हरणं, अस्वल खाऊन टाकतात. त्या वेळी वही घेऊन नाव लिहायला कोणी बसत नाही. काही गावांत मी एक सोपी पद्धत बसवली, ती चालली. प्रत्येक टोळीने आपल्या मोहाच्या झाडांची दिशा ठरवून घ्यायची आणि गावाबाहेर पडतानाच्या शेवटच्या घरात सांगून जायचं: आम्ही इतक्या जणी, अमक्या नाल्याच्या बाजूला. परत आल्यावर त्याच घरी सांगायचं. शेवटच्या घरातली सासू किंवा आजोबा हे काम आनंदाने करतात, कारण ते पहाटेपासून जागेच असतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याला जातानाही हेच. वाघ-अस्वलांच्या भीतीनेही एकटं जाऊ नये हे तुम्हाला माहीत आहेच, तेव्हा ही सवय दोन्ही कामांना येते.

आता इशारा. व्हॉट्सअॅपवर भिस्त ठेवू नका. जंगलात रेंज नसते आणि ज्याला सगळ्यात आधी कळायला हवं तोच तिथे असतो. मंदिराच्या भोंग्याला वीज लागते, आणि आग तारांखाली आली की वीज आपणच बंद करायला सांगणार आहोत. म्हणून ढोल. वणव्याचा ठोका वेगळा ठरवा, लग्नात किंवा भजनात वाजत नाही असा, आणि तो पोरासोरांनाही ओळखता यायला हवा. पहाटेच्या शांततेत ढोल लांबवर ऐकू जातो. ठोका ऐकला की हातातली टोपली टाकून ठरलेल्या वाटेने निघायचं, एवढंच बायांना शिकवायचं. टोपली टाकायला त्या तयार होत नाहीत, कारण तिच्यात दिवसाची कमाई असते. म्हणून हे बैठकीत मोकळेपणाने बोलून घ्या.

फोन मात्र लगेच करायचा. वनखात्याची मदतवाहिनी 1926 आहे. जीवाला धोका असेल तर 112, भाजलेल्यासाठी किंवा श्वास अडकलेल्यासाठी 108. बीटचा वनरक्षक, वनपाल आणि आरएफओ (वनपरिक्षेत्र अधिकारी) यांचे नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून घ्या. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहावरून आगीच्या जागा शोधून वनखात्याला मोबाईलवर कळवते, आणि तिच्या संकेतस्थळावर नोंदणी केली तर सामान्य माणसालाही आपल्या भागाचा संदेश मिळतो. नोंदणी जरूर करा. पण उपग्रह दिवसातून ठरावीक वेळांनाच डोक्यावरून जातात. मधल्या वेळात लागलेली आग त्यांना तेव्हाच दिसत नाही. जागेवरच्या माणसाचा डोळा त्याआधी पाहतो.

आणि इथेच एक अडचण आहे, जिच्यावर गावात कोणी उघड बोलत नाही. ज्याने आग पहिल्यांदा पाहिली तो गप्प बसतो. सांगितलं तर ‘तू तिथे काय करत होतास’ असं विचारतील, केस होईल, ही भीती असते. ती अगदीच खोटी नाही. 1927 च्या भारतीय वन कायद्यानुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे आणि चौकशी होते. पण त्याच कायद्याने जंगलात हक्क असलेल्या माणसावर आगीची खबर देण्याची आणि विझवायला मदत करण्याची जबाबदारीही टाकली आहे. ग्रामसभेत वनपालांना बोलवा आणि सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडून वदवून घ्या की खबर देणाऱ्याला आरोपी धरणार नाही. हे ज्या गावात झालं तिथे खबर लवकर येते, हे मी पाहिलं आहे. पहिल्या अर्ध्या तासात दोघं-तिघं झाडूने जी आग मारतात, तिला दुपारनंतर पन्नास माणसंही पुरत नाहीत.

पोरांकडे परत येतो. आपलं जंगल पानझडीचं आहे. साग, ऐन, धावडा यांची पानं हिवाळ्यापासून मार्चपर्यंत गळत राहतात आणि जमिनीवर पाचोळ्याचा थर साचतो. बहुतेक वेळा जळतो तो हाच थर. ज्वाला गुडघ्याएवढ्या, चाल सावकाश. पाहणाऱ्याला वाटतं, हे तर फांदीने झोडपून विझेल. सपाटीवर, सकाळी, वारा नसताना ते विझतंही. पण त्याच आगीला पुढे रायमुनियाची (घाणेरीची) जाळी लागली, वाळलेल्या बांबूचं बेट लागलं किंवा कमरेएवढं कुसळी गवत लागलं, तर ज्वाला क्षणात माणसाच्या डोक्यावर जाते. चढाकडे आग उताराच्या कित्येक पट वेगाने धावते, कारण ज्वाला वरच्या पाचोळ्याला आधीच तापवत जाते. अरुंद नाल्याची घळ असेल तर तिच्यातून धूर आणि जाळ धुराड्यासारखे वर ओढले जातात. पोरं नेमकी तिथेच आडोशाला शिरतात. नाला कोरडा आणि झुडपांनी भरलेला असेल तर त्यात कधीही उतरू नका.

म्हणून गावात एक पथक ठेवा, ज्याने वनखात्याकडून प्रशिक्षण घेतलं आहे आणि जे वनरक्षकाच्या सांगण्यानुसारच कामाला लागतं. बाकीच्यांनी आगीकडे जायचं नाही, अगदी हौस म्हणून व्हिडिओ काढायलाही नाही. पथकात पाच-सहा जण, त्यातला एक नुसता उभा राहून वारा, धूर आणि परतीच्या वाटेवर नजर ठेवणारा. त्याने फांदी हातात घ्यायची नाही. हे पोरांना पटत नाही, त्यांना वाटतं एक हात वाया गेला. पण खाली मान घालून झोडपणाऱ्याला मागे काय घडतंय ते दिसत नाही, आणि वारा फिरल्याचं पहिल्यांदा कळतं ते या उभ्या माणसालाच. दारू प्यायलेल्याला, दमेकऱ्याला, अठराच्या आतल्याला पथकात घेऊ नका. टेरिकॉट, पॉलिस्टर, क्रिकेटची जर्सी घालून कोणी आलं तर परत पाठवा. तो कपडा वितळून कातडीला चिकटतो आणि जखम खोल जाते. रबरी स्लीपरचंही तसंच. जाड सुती कपडे, पूर्ण बाह्या, बंद चामडी जोडे. तुमच्या त्या पोराचे पाय भाजले, तेव्हा त्याच्या पायात काय होतं ते विचारून पाहा.

आगीच्या तोंडावर कधी जायचं नाही. मागून आणि बाजूने, जळून काळ्या झालेल्या जमिनीच्या कडेला राहून काम करायचं, कारण वाट बंद झाली तर पाऊलभर मागे काळ्यावर जाता येतं. जळून गेलेल्या जागेत पुन्हा जळण्यासारखं फारसं उरत नाही. दुपारी अकरा ते चारच्या मधे, चव्वेचाळीस-पंचेचाळीस डिग्रीच्या उन्हात आणि सुटलेल्या वाऱ्यात आगीशी झुंजू नका. त्या वेळात फक्त गावाच्या बाजूची साफ पट्टी राखा आणि संध्याकाळी वारा पडायची, हवेत थोडी ओल यायची वाट पाहा. रात्री आणि पहाटे तीच आग निम्मी होते. माणसामागे चार-पाच लिटर पाणी हवं. आगीत नाही पण उन्हाने पडलेले लोक मी जास्त पाहिले आहेत: कधी घाम येणं थांबतं, माणूस असंबद्ध बोलू लागतो. तसं दिसलं तर लगेच सावलीत, कपडे सैल करून, अंगावर पाणी आणि वारा, आणि 108.

समोरून आग लावून मोठी आग थोपवायची युक्ती जुन्या लोकांना माहीत असते. ती गावकऱ्यांनी करू नये. वारा चुकला तर दोन आगींच्या मधे माणसं सापडतात.

आणि कोणी अडकलंच तर? झाडावर चढायचं नाही, विहिरीत उतरायचं नाही, चढाकडे पळायचं नाही. आगीच्या पुढे पळत राहण्यापेक्षा तिला बगल देऊन आडवं निघायचं. ज्वाला गुडघ्याखाली असतील आणि पलीकडे काळी जमीन दिसत असेल तर तोंड-नाक झाकून, श्वास रोखून चार ढांगांत पलीकडे जायचं. तेही जमत नसेल तर नांगरलेलं रान, खडकाळ मोकळी जागा किंवा बोडीचं (लहान तळ्याचं) गवत नसलेलं पात्र गाठून पालथं पडायचं, तोंड जमिनीला लावून, सुती कापडाखाली. कपड्याने पेट घेतला तर पळायचं नाही. जागच्या जागी खाली पडून लोळायचं. हे शाळेच्या मैदानावर पोरांकडून एकदा करून घ्या. तोंडी सांगितलेलं त्या घडीला आठवत नाही.

गाव खाली करायची वेळ येते का? अख्खं गाव, फार क्वचित. पण जंगलाकडची घरं, विशेषतः कवेलूची (कौलारू) किंवा गवताने शाकारलेली, खाली करायची वेळ येऊ शकते. ज्वाला घरापर्यंत पोचण्याची गरज नसते. वाऱ्यावर उडालेली ठिणगी आधी येते. घराला टेकून पऱ्हाट्या, तुराट्या, सरपण आणि गोवऱ्या रचलेल्या असतात, ठिणगी त्यात पडते आणि तिथून वाश्यांना लागते. म्हणून फेब्रुवारीत प्रत्येक घराभोवती दहा-बारा हात जागा झाडून ठेवा आणि सरपण घरापासून लांब रचा. कवेलूंवर साचलेला पाचोळा काढा. तणसाच्या गंज्या जंगलाच्या बाजूला नको, गावाच्या आतल्या अंगाला आणि एकमेकींपासून लांब. गंजीत ठिणगी शिरली की बाहेरून काही दिसत नाही. आतल्या आत धुमसत राहते आणि दुसऱ्या दिवशी दुपारी वारा लागला की एकदम पेटते. वणवा जवळून गेला असेल तर गंजीभोवती फिरून हाताची मागची बाजू जवळ नेऊन पाहा, स्पर्श न करता. मागच्या बाजूला ऊब लवकर कळते. ऊब लागली तर पाणी घेऊन, दोघांनी मिळून, कडेकडून उघडत जा. नुसतं वरून पाणी ओतलं तर ते गंजीवरून ओघळून जातं.

निघायचं कुठे, हे आधी ठरवा. पक्क्या छताची शाळा, जिच्याभोवती मोकळं मैदान आहे, ती चांगली. तिच्याकडे जाणारा रस्ता जंगलातून जात असेल तर ती चांगली नाही, मग दुसऱ्या दिशेचं गाव धरा. पहिल्या पानावरची माणसं धूर दिसताक्षणी हलवायची, ज्वाला दिसण्याची वाट न पाहता. सोबत औषधं, दम्याचा पंप, चष्मा, आधारकार्ड, शेताचा सातबारा एका पिशवीत. गॅसचा रेग्युलेटर बंद करून निघा. सिलिंडर ओढत बसू नका. घर सोडायला म्हातारी माणसं तयार नसतात, गोठ्यातल्या गाईसाठी अडून बसतात. म्हणून गुरांचा बंदोबस्त आधी दाखवून द्या, मग म्हातारा उठतो. गोठ्याच्या दाराशी एक विळा टांगून ठेवा. धुरात आणि घाईत नायलॉनच्या दाव्याची गाठ सुटत नाही, कापावी लागते. गुरं मोकळी सोडून जंगलाकडे पळू देऊ नका, नांगरलेल्या रानाकडे हाका. गोठ्याच्या माळ्यावर तणस भरलेलं असेल तर तो गोठा सगळ्यात आधी रिकामा करा.

वीज. तारांखाली दाट धूर आणि जाळ असेल तर तिथे उभं राहू नका. दाट धुरातून वीज खाली उतरू शकते. महावितरणच्या उपकेंद्राला फोन करून फीडर बंद करायला सांगा. डीपीला (ट्रान्सफॉर्मरला) लागलेल्या आगीवर पाणी मारू नका.

धुराबद्दल थोडं सविस्तर, कारण तुमच्या गावात जास्त लोकांना त्रास धुराचाच झाला. ओला दुपट्टा तोंडाला बांधला की राख आणि ठिणग्या अडतात, पण फुप्फुसात खोल जाणारे बारीक कण अडत नाहीत. त्यासाठी एन-95 मास्क, नाकाला घट्ट बसणारा. आरोग्य उपकेंद्रात किंवा आशाताईंकडे फेब्रुवारीत थोडे आणून ठेवा, दम्याच्या लोकांपुरते तरी. आणि आपल्या भागातली खरी पंचाईत कूलरची. खिडकीत बसवलेला कूलर बाहेरची हवा आत ओढतो, म्हणजे धूरही आत ओढतो. ओल्या गवताच्या टाट्या राख अडवतात, बारीक धूर नाही. पण मार्च-एप्रिलमध्ये खिडक्या लावून कूलर बंद केला तर घराची भट्टी होते आणि म्हाताऱ्यांना उन्हाचा झटका बसतो. माझं मत असं: धूर थोडा वेळच असेल तर कूलर खिडकीतून काढून खोलीत घ्या म्हणजे आतलीच हवा फिरेल, पंखा लावा, अंग ओल्या कापडाने पुसत राहा. दाटून राहिला तर घरात कोंडून ठेवण्यापेक्षा त्या माणसाला धुराबाहेरच्या गावी नातेवाइकाकडे दोन-तीन दिवस पाठवा. दोन्हींपैकी उष्णतेने मृत्यू लवकर येतो, हे लक्षात ठेवून निर्णय घ्या. धूर असेल तोवर घरात चूल, उदबत्ती, बिडी नको.

वाक्य पुरं करता येत नाही इतका दम, छातीत दुखणं, ओठ निळसर होणं, गोंधळल्यासारखं वागणं, ही दवाखान्यात न्यायची लक्षणं. ज्याच्या नाकात किंवा तोंडात काजळी आहे आणि आवाज बसला आहे, त्याला बरं वाटत असलं तरी ताबडतोब न्या, कारण आतून भाजलेला घसा काही तासांनी सुजून श्वास बंद करतो. धुरात सापडून आलेल्याला डोकेदुखी आणि मळमळ असेल तर तो विषारी वायूचा परिणाम असू शकतो. तेव्हा बोटाला लावायचं ऑक्सिमीटर चांगला आकडा दाखवलं तरी त्यावर विसंबू नका. त्या यंत्राला हा वायू ओळखता येत नाही.

भाजलेल्यावर वीस मिनिटं वाहतं साधं पाणी. बर्फ नको. हळद, तूप, टूथपेस्ट, शाई काहीही लावायचं नाही. बांगड्या, अंगठ्या, जोडवी सुजण्याआधी काढा. चिकटलेला कपडा ओढू नका, भोवतीने कापा. फोड फोडू नका. स्वच्छ धुतलेलं सुती कापड सैल झाकून प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. तोंड, हात, पाय, जांघ किंवा तळहाताहून मोठी जखम असेल तर तिथे थांबू नका, पुढच्या मोठ्या रुग्णालयाचं विचारा.

आग का लागते, यावरही बोलायलाच हवं. आपल्याकडचा वणवा बहुतेक माणसाच्या हातून लागतो. मोहाखालचा पाचोळा जाळला की फूल मातीवर स्वच्छ दिसतं, म्हणून बाया काडी लावतात. त्यांना दोष देऊन उपयोग नाही, काम सोपं करून द्यायला हवं. झाडाखाली जुन्या साड्या जोडून किंवा हिरवी शेडनेट पसरून फूल गोळा केलं तर पाचोळा जाळावा लागत नाही. फुलाला माती-राख लागत नाही, म्हणून त्याला भावही बरा मिळतो. ग्रामपंचायतीने किंवा वन समितीने नेट विकत घेऊन हंगामापुरती वाटावी. मी पाहिलेल्या उपायांत सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त आग यानेच थांबते. तेंदूला नवी कोवळी पानं फुटावीत म्हणूनही जंगल पेटवतात. त्याला पर्याय झुडपांची छाटणी, म्हणजे खुटकटाई. ती वेळेवर झाली तर पाला चांगला येतो, पण मजुरी लागते, आणि ती ठेकेदाराकडून करारात लिहून घ्यावी लागते. तुमच्याच जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेने तर सामूहिक वनहक्क मिळाल्यावर तेंदू तोडायचाच नाही असं ठरवलं, कारण त्यासाठी झाडं छाटावी आणि जंगल पेटवावं लागतं. त्यांनी बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे परवडेल असं नाही, पण ग्रामसभा असा निर्णय घेऊ शकते हे लक्षात ठेवा. तिसरं, एप्रिल-मेमध्ये खरिपाच्या तयारीला धुरे आणि पऱ्हाट्या जाळणं. ते करायचंच असेल तर पहाटे, शेजाऱ्याला सांगून, पाणी आणि दोन माणसं हाताशी ठेवून, आणि राख गार होईपर्यंत जागा न सोडता. दुपारी धुरा पेटवून जेवायला घरी जाणाऱ्याला ग्रामसभेने दंड करावा.

वनखात्याच्या जाळरेषा, म्हणजे आग अडवायला मोकळ्या ठेवलेल्या पट्ट्या, असतात, पण त्या जंगलासाठी आहेत. गाव आणि जंगलाच्या मधे आपली वेगळी पट्टी गावानेच राखावी, दोन-तीन माणसं शेजारी चालू शकतील एवढी रुंद, पाचोळा झाडून मातीपर्यंत उघडी केलेली. एकदा झाडून भागत नाही. सागाची पानं पुन्हा पडतात, दर आठ-दहा दिवसांनी फेरी मारावी लागते. वणव्याचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून धरतात. 26 जानेवारीची ग्रामसभा त्याच्या तीनच आठवडे आधी येते. वही, ढोल, पथक, पट्टी, नेट, हे सगळं त्या सभेत ठरावात लिहून घ्या. पुढच्या सभेची वाट पाहिली तर हंगाम निम्मा झालेला असेल.

आग विझल्यावरचे दिवसही सांभाळायचे असतात. वाळलेली खोडं आतून आठवडाभर जळत राहतात आणि आवाज न करता कोसळतात, म्हणून जळलेल्या जंगलात लेकरांना डिंक, शिंगं शोधायला पाठवू नका. घाबरलेली आणि भाजलेली जनावरं पाण्यासाठी गावाच्या बोडीकडे येतात. त्यांच्या जवळ जाऊ नका, वनरक्षकाला कळवा. पहिला पाऊस पडला की राख वाहून उघड्या विहिरीत येते. तेव्हा पाणी उपसून, ब्लीचिंग पावडर टाकूनच प्यायला घ्या.

नुकसानीचा पंचनामा तलाठ्याकडून लवकर करून घ्या आणि तो होईपर्यंत जळलेल्या गंजीची राख उचलू नका. आधी मोबाईलने फोटो काढा, तारीख दिसेल असे, आणि मागे ओळखीचं झाड किंवा घर दिसेल असे. जनावर दगावलं तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्याकडून शवविच्छेदन करून घेतल्याशिवाय पुरू नका. माणूस दगावला तर आपत्ती निधीतून वारसाला 4 लाख रुपये देण्याची तरतूद आहे. त्यासाठी पोलिसात नोंद आणि शवविच्छेदन अहवाल लागतो, आणि दुःखात हे राहून जातं. म्हणून ग्रामपंचायतीचा एक माणूस त्या घरासोबत कागदांसाठी फिरेल असं ठरवून ठेवा.

जे आगीशी झुंजले त्यांना आणि लेकरांना नंतर झोप लागत नाही, धुराचा वास आला तरी छाती धडधडते. बहुतेकांचं काही आठवड्यांत कमी होतं. नाही झालं तर टेली-मानसच्या 14416 या सरकारी नंबरवर फुकट बोलता येतं, मराठीतूनही. आणि गावात ‘आग कोणी लावली’ यावरून जी भांडणं लागतात ती पहिल्या आठवड्यातच बसून मिटवा. दोन मोहल्ल्यांचं बोलणं बंद झालं तर पुढच्या वर्षी वहीतल्या म्हाताऱ्याला उचलायला शेजारी येणार नाही. मोहाची कमाई बुडालेल्या घरांची यादी त्याच बैठकीत करा आणि त्यांच्यासाठी रोजगार हमीच्या कामाची मागणी लगेच नोंदवा, कारण त्या घरांचा पावसाळ्याआधीचा किराणा मोहावरच चालतो.